लांजेवारकाकांची पिहरी

पावसाळ्यात लांजेवारकाकांच्या फ्रिजवर एक कागदाची पुडी असे. वर बॉलपेनने लिहिलेलं, ‘दुपारी हेच खाल्लं आहे. डॉक्टरांना दाखवावे.’ आत एक कच्ची पिहरी.

पिहरी म्हणजे वारुळाच्या मातीतून उगवणारी रानातली अळिंबी. काका मूळचे भंडाऱ्याकडचे. वायरमनच्या नोकरीत भोपाळला आले आणि निवृत्त झाल्यावरही नेहरू नगरात आमच्या शेजारीच राहिले. पिहरी ते बाजारातून कधी घेत नसत. स्वतः रानात जात आणि वायरमनच्याच पेचकसाने, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने, देठाभोवतीची माती उकरत. देठ मुळासारखा थेट वारुळापर्यंत गेलेला दिसला पाहिजे. मधेच तुटला, की सगळी मेहनत तिथेच टाकून घरी. घरी आणलेल्याची टोपी कागदावर उपडी ठेवत. खाली पडणारी भुकटी फिकट गुलाबी निघाली, तरच गॅस पेटे.

“शंकेची भाजी होत नसते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एवढं करून ती भाजी ते एकटेच खात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. फोडणीचा वास आमच्या स्वयंपाकघरात येई आणि आई म्हणे, “वाटीभर दिली तर काय होतं या माणसाला?” कॉलनीत सगळे त्यांना कंजूस म्हणत.

एका जुलैत आईने बागेच्या गवतातून पांढऱ्याशुभ्र छत्र्या वेचून आणल्या. नागपूरला लहानपणी खाल्ल्या होत्या म्हणे. भाजी होत आली आणि काका दारात उभे.

“काय करून राहिल्या, वहिनी?”

“तुमचीच पिहरी. बागेत मिळाली.”

काका चप्पल न काढता आत आले. त्यांनी कचऱ्याची बादली पेपरवर उलटी केली आणि एक निबर, फेकलेली छत्री उचलली. तिच्या टोपीखालच्या पाकळ्या हिरवट पडल्या होत्या; पिहरीच्या तशा कधीच पडत नाहीत.

“खाल्ली कोणी?”

“मीठ बघायला चमचाभर. मीच.”

त्यांनी गॅस बंद केला. ती छत्री पिशवीत घातली आणि मला म्हणाले, “स्कूटर काढ. उलटीची वाट नाही पाहायची.”

उलट्या दवाखान्यात पोचल्यावर सुरू झाल्या. डॉक्टरांनी पिशवीतली छत्री पाहिली, किती खाल्ली, कधी खाल्ली ते विचारलं आणि सलाइन लावलं. संध्याकाळी आई जरा सावरली. काका तोवर तिच्या खाटेजवळच्या बाकावरून हलले नव्हते. मी चहा आणून दिला आणि विचारलं, “काका, तुम्हाला एवढी पारख आहे. मग आम्हाला कधी का नाही दिली?”

त्यांनी कप बाकावर ठेवला.

“पारख असली तरी माणूस चुकते, बेटा. मी चुकलो तर माझ्या एकट्याचं पोट. माझ्यासाठी कोणी थांबलेलं नाही.”

आईचे डोळे मिटलेले होते, पण तिने ऐकलं होतं.

ऑगस्टमध्ये शेजारून पुन्हा फोडणीचा वास आला. आई उठली, त्यांच्याकडे गेली आणि समोरच्या खुर्चीत बसली. “मी खाणार नाही. पण तुम्ही एकटे खायचं नाही,” एवढंच म्हणाली. काका मान खाली घालून जेवले. निघताना तिने बजावलं, “उद्या सकाळी सातला बघायला येते. कडी काढून ठेवा.”

सकाळी मीही तिच्याबरोबर गेलो. कडी काढलेली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसले होते. स्टुलावर चहाचे दोन कप झाकून ठेवलेले होते. मला पाहून ते तिसरा आणायला उठले.

“बरं आहे ना, भाऊजी?” आईने विचारलं.

“आहे ना,” ते म्हणाले. मग पाठ फिरवून बराच वेळ कप शोधत राहिले.