हजाराव्या दिवसाचा फोटो

छापखान्यातून आलेला, मृतासाठी वाचायच्या यासीन सूरेच्या पुस्तिकांचा गठ्ठा इबू सुमीराहनी सोडला. मुखपृष्ठावर नाव दिवंगत पतीचं, सुकार्दींचं. चेहरा मात्र सुकार्दींचे थोरले भाऊ मार्गोनो यांचा. ते, लेकाचे 'पाकदे' म्हणजे थोरले काका, हयात होते. सूर्यास्ताच्या मगरीब नमाजानंतर, सुकार्दींच्या मृत्यूच्या हजाराव्या दिवसाची दुआ तेच सांगणार होते.

"गिलांग! जित्या माणसाला मारलंस की रे!"

त्यांचा लेक गिलांग योग्यकार्तात संगणकासाठी थरांची फाइल व्यवस्था लिहीत असे. खालच्या थरात जुनं, वरच्या थरात नवं. बघणाऱ्याला मिळून एकच कपाट दिसायचं. आपण रांधलेलं आधी आपण खावं, ही त्या धंद्याची रीत. म्हणून घरचे फोटोही त्यानं त्यातच ठेवले होते.

त्यानं तपासलं आणि कपाळाला हात लावला. "बू, प्रत्येक फाइलला आत एक क्रमांक असतो. बाबांचा फोटो खालच्या थरात, पाकदेंचा वरच्या. दोन्ही थरांनी बारा नंबरच दिला, आणि मी तो तसाच पुढे केला. फोटो छापखान्याला पाठवणाऱ्या प्रोग्रामला वाटलं, एकाच फाइलची ही दोन नावं. एकच चेहरा त्यानं दोघांना दिला."

"बारा नंबरचं घर आरटी दोन मोहल्ल्यातही आहे, तीनमध्येही. तू आरटी लिहिलाच नाहीस?"

"नाही."

"शिकलास कशाला मग? हजार दिवस थांबले रे. आज लोकांच्या हातात त्यांचा चेहरा असावा, एवढंच मागितलं होतं."

दारात चपलांचा ढीग झाला होता. पुस्तिका वाटाव्याच लागल्या. शेजारच्या म्हाताऱ्या तुगियेमनी मुखपृष्ठावरून हात फिरवला. "अगदी सुकार्दीच गं!" माना डोलल्या. तेच नाक, तीच काळी टोपी.

मार्गोनो मात्र स्वतःकडे बघतच राहिले.

"पाकदे, चूक माझी..."

"गप. शाळेत माझ्या खोड्यांचा मार मास्तर सुकार्दीलाच द्यायचे. चेहरा सारखा ना! एका शब्दानं बोलला नाही कधी. आज त्याच्या नावावर मी बसतो."

त्यांनी दुआ सुरू केली. भावाचं नाव आलं. सुमीराहनी भिंतीवरची सुकार्दींची तसबीर हलकेच काढून मार्गोनोंच्या शेजारी ठेवली.

पाहुणे जेवणाचे डबे घेऊन गेले, तेव्हा सुमीराहनी डोळे पुसत विचारलं, "माझा फोटो कुठल्या थरात आहे रे?"

"खालच्या, बू. बाबांच्याच."

"मग उद्याच दुरुस्त कर. नाहीतर माझ्या वेळीही लोक पाकदेंनाच रडतील."