नानांची मांजरपारख

आमच्या शेजारचे धाकूनाना मांजराचे दात बघतात. पिल्लू हातात आलं की आधी जबडा उघडायचा, मग शेपटी मुळापासून टोकापर्यंत चाचपायची, केस उलटे फिरवून भोवरा शोधायचा आणि शेवटी जमिनीवर सोडून चालवायचं. "चाल बघाया पायजे गं. चालीत खोट असली तर जनावर घरात टिकत नाय."

पळसदरीत कुणाला बैल घ्यायचा तर बाजारात नानांना न्यायचंच, असा एक काळ होता. आता गावात बैल उरले नाहीत, पारख मात्र नानांच्या बोटांत तशीच राहिली आहे. गेल्या उन्हाळ्यात नानी गेली. दिवाळीनंतर ते मला म्हणाले, "कणगीत उंदीर झालेत. एक मांजर आणाया पायजे." कणगीत भाताचा दाणा नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी स्कूटर काढली.

नेरळला एका चहावाल्याकडची पिल्लं बघितली. पांढरं आखूड शेपटीचं निघालं. काळ्याच्या कपाळावर भोवरा सापडला. "धनी खानारं हाय हे," म्हणून नानांनी ते परत दिलं.

"नाना, नांगराला जुंपायचंय काय?" चहावाला म्हणाला.

नाना हसले नाहीत. "घरात घ्यायचंय," एवढंच बोलले.

मग भिवपुरीला, क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे गेलो. जिन्याखाली दोन गुबगुबीत पिल्लं निजली होती. तिसरी एक हडकुळी, वाकड्या शेपटीची, आम्हाला बघताच जी ओरडायला लागली ती थांबेचना.

"ती नका घेऊ," बहीण म्हणाली. "दूध दिलं तरी भांडते, नाही दिलं तरी भांडते."

नानांनी तिलाच उचललं. ना दात बघितले, ना भोवरा. नुसते ऐकत उभे राहिले.

"हीच दे."

"नाना, शेपटी वाकडी आहे तिची. चाल तरी बघा."

"नको. आवाज चांगला हाय."

कर्जतच्या बाजारातून आम्ही गेलो तेव्हा पिशवीतून असा आक्रोश चालला होता की लोक वळून बघत होते. दिवसभर हिंडून माणसाने हे रत्न निवडावं, याचा मला रागच आला होता. पण पळसदरी जवळ आली तशी मला नानी आठवली. नाना उशिरा आले की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. आम्ही हसायचो. नाना मान खाली घालून जेवायचे, कधी उत्तर म्हणून द्यायचे नाहीत. ती गेल्यापासून त्या घरातून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पिल्लासाठी सुकटीची वाटी घेऊन गेले. ती उंबऱ्यावर उभी राहून नानांवर ओरडत होती. नाना अंगणात पाय धुवत होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती. वाटी ओट्यावर ठेवून मी तशीच मागे फिरले.

"उशीर झाला गं, खरं हाय तुझं," नाना तिला सांगत होते. "आता आलोय नं. बोल, काय बोलायचं ते."