ओस्लोहून आलेलं बारसं

शामसुंदर घाटे भिलाईच्या कारखान्यात इंजिनियर. बासष्ट साली ट्रेनिंगसाठी जर्मनीत असताना त्यांनी रजा टाकली आणि ओस्लोला भरलेली मानवतावाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद गाठली. देव नको, पोथी नको, माणसानं माणसाकडे पाहावं, असं मानणारी देशोदेशीची मंडळी तिथे जमली होती. भटजी-पाद्र्याशिवाय बारशी नि लग्नं कशी करावीत, यावरही बोलणं झालं. शामसुंदर भारावून परतले आणि भेटेल त्याला ओस्लो ऐकवू लागले. लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले.

अशात त्यांच्या हाताखालच्या तेजराम क्रेनवाल्याच्या मुलीचं बारसं आलं आणि दुर्गचे भटजी काही आले नाहीत. पाळणा सजलेला, पाहुणे खोळंबलेले. तेजराम धावत शामसुंदरांच्या क्वार्टरवर आला.

"साहेब, भटजीबिगर बारसं होते म्हणता न तुमी? मंग चला न जी, करून द्या!"

शामसुंदरांना आभाळ ठेंगणं झालं. पाळण्यापाशी उभं राहून ते म्हणाले, "मी ओस्लोला गेलो होतो, तेव्हा..." आणि त्यांना ठसका लागला. तीनदा खोकून, पाणी पिऊन त्यांनी पुढे सांगितलं, "ही मुलगी साऱ्या जगाची नागरिक आहे. नाव साधना." मुलगी जराही रडली नाही. पुढच्याच आठवड्यात तेजरामला बढती मिळाली.

मग काय विचारता! पार पलीकडच्या सुपेला वस्तीतूनही बारशांची बोलावणी येऊ लागली. बाबुलाल फिटरच्या घरी शामसुंदरांनी मुद्दाम नवं भाषण केलं. बाबुलालची बायको कौशल्या अस्वस्थ झाली.

"साहेब, तुमी खोकलेच नाही."

"खोकला आला नाही, तर कसा खोकू?"

"तेजरामभाऊच्या इथं तीनदा खोकले. आमच्याच लेकराले कावून कमी करून राहिले?"

तेवढ्यात पोरानं भोकाड पसरलं. सगळे शामसुंदरांकडे पाहू लागले. ते निमूट तीनदा खोकले. पोर गप्प झालं.

घरी रत्नमालाबाईंनी विचारलं, "आटोपलं का हो पौरोहित्य?"

तो शब्द शामसुंदरांना फारच झोंबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा करून बजावलं, "मानवतावादात पुरोहित नसतो. हे काम कुणीही करू शकतं. यापुढे तुमचं तुम्ही करा."

लोकांना ते चटकन पटलं. ओमप्रकाश वेल्डरच्या घरच्या बारशाला बाबुलाल धुतलेलं धोतर नेसून पाळण्यापाशी उभा राहिला. शामसुंदर कौतुकानं पुढे जाऊन बसले. बाबुलालनं हात जोडले, डोळे मिटले.

"मी ओस्लोले गेलो होतो, तवा..." तो तीनदा खोकला. जमलेल्यांनीही हात जोडले.

शामसुंदरांना राहवेना. "अरे, तू कधी गेला होतास ओस्लोला?"

बाबुलालनं एक डोळा उघडला. "साहेब, मंधात बोलू नका जी, विधी बिघडते. अन् त्या चपला तेवढ्या भाईर काढून या."

ओस्लोला सगळे बूट घालूनच बसले होते, असं सांगावं म्हणून शामसुंदरांनी तोंड उघडलं. पण बाबुलालचे डोळे पुन्हा मिटले होते. शामसुंदर उठले आणि चपला काढायला दाराकडे गेले.