एका अक्षराचं सरकारी कॉलेज

एका जंगलात, बाळांनो, एका सकाळी कॉलेजची घंटा झाली नाही.

बस, एवढंच. सूर्य उगवला, मोर ओरडला, सगळं रोजच्यासारखं. फक्त घंटा नाही. कुणाला काही वाटलं नाही. टिटवी मात्र दचकली. तिला दचकायला फार काही लागत नाही म्हणा. वाळकं पान पडलं तरी दचकते. म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे.

ती तुरुतुरु कॉलेजपाशी गेली. बघते तर घंटेच्या कडीला भला मोठा तराजू टांगलेला. शेजारी दरबारचे हिशोबनीस साळिंदरपंत, अंगभर टाक खोचून.

"पंत, घंटा कुठाय?"

"घंटेनं उत्पन्न काय होतं, बाई?" पंत म्हणाले.

आता हे कॉलेज कसलं, ते ऐका. राजे गवेमहाराज. त्यांच्या आजोबांनी काढलेलं हे सरकारी कॉलेज. तिथं एकच विषय शिकवायचे : ‘ओ’. पाणवठ्यावर टिटवीनं धोका पाहिला की हाक मारायची. ज्यानं ऐकली त्यानं आधी ‘ओ’ द्यायची आणि हाक पुढं पाठवायची. ‘ओ’ म्हणजे ऐकलं, पळतो, पुढच्याला सांगतो. नुसतं ऐकून भागत नाही हो! प्रत्येकाला वाटतं, हाक दुसऱ्या कुणाला मारली असेल. ती खोड जायला वेळ लागतो. वानरसर जीव तोडून शिकवायचे. खर्च सामायिक कुरणातल्या गवताचा.

"एका अक्षराला तीन वर्षं?" पंत खो खो हसले. "जंगल इतकं गवत घालतं, ते पदवीधरांच्या अंगावर दिसायला नको? एका पारड्यात गवत, दुसऱ्यात पदवीधर. सोपा हिशोब."

सगळं जंगल जमलं. पहिली टिटवी बसली. पारडं हललंसुद्धा नाही.

"ही पदवीधर?"

"सुवर्णपदक आहे मला," टिटवी चाचरत म्हणाली.

"मग पदकासकट बसा."

काय हशा पिकला म्हणून सांगू!

मग रानडुक्कर बसला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

"शिक्षण?"

"कॉलेजच्या कुंपणापर्यंत. कुंपणाखालचे कंद खाल्ले आणि परत फिरलो."

"पाहा!" पंत म्हणाले. टाळ्या.

शेवटी बिबट्या आला. खाली मान, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. हात जोडून म्हणाला, "साहेब, मी कॉलेजमागच्या लव्हाळ्यात राहतो. सरांचा एकेक तास कान देऊन ऐकलाय. उच्चार चुकणार नाही माझा. पण हाल बघा माझे."

"अगंबाई, किती वाळलाय बिचारा!" चितळकाकूंनी डोळे पुसले.

"अहो, तो कशानं वाळलाय ते विचारा की त्याला!" टिटवी किंचाळली.

"भावनेच्या भरात बोलू नका," पंत म्हणाले. "कॉलेजच्या नुसत्या शेजारानं ही दशा. आत बसणाऱ्यांचं काय होत असेल?"

चितळकाकूंना ते पटलं. "आमच्या पाडसाला आम्ही पलीकडं उडीच्या क्लासला घातलंय, बाई. उडीला स्कोप आहे. आणि खरं सांगू का? मला जन्मात कधी त्या ‘ओ’चा उपयोग झाला नाही. पाणवठ्यावर बिबट्या दिसेल तर ना!"

"काकू, तो दिसत नाही तो कशामुळं—"

पण तोवर महाराजांनी हुकमावर खूर उमटवला होता.

कॉलेज बंद झालं. कॉलेजचं गवत रानडुकराला गुणवत्तेबद्दल मिळालं. पुढच्या पोरांना ‘ओ’ शिकवणारं कुणी उरलं नाही, आणि शिकलेली पोरंही लाजून गप्प झाली. ‘ओ’ दिली तर अडाणी समजतील ना लोक! वानरसर घाटातल्या देवळापाशी जाऊन बसले. तिथं भक्त केळी देतात, शेंगदाणे देतात. सरांना पोट सुटलं. पंतांनी मुद्दाम जाऊन त्यांना तोललं आणि म्हणाले, "कॉलेज सुटलं आणि सरांचं भलं झालं!" सरांच्या तोंडात केळं होतं.

मग एक दिवस, भर दुपारी, पाणवठ्यावर लव्हाळं हललं.

वारा नव्हता.

टिटवीनं स्वतःलाच दटावलं. उगीच दचकतेस, मेले. पुन्हा पाहिलं. पिवळं काहीतरी, त्यावर काळे ठिपके. आणि अलीकडं काठाशी चितळकाकूंचं पाडस, पाण्यात तोंड घालून, एकटं.

टिटवीनं हाक मारली.

रानडुकरानं ऐकली आणि कूस बदलली. चितळकाकूंनी झाडीपलीकडून ऐकली. "हाक मारत असेल कुणाला तरी," म्हणून रवंथ चालू ठेवला. पंतांनी ऐकली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "फुकट ओरडते, म्हणजे बाजारात मागणी नाही."

पाडसानंही ऐकली. मान वर करून ते इकडंतिकडं पाहू लागलं. उडी येत होती हो त्याला, फार सुंदर येत होती. कधी मारायची, ते क्लासात नव्हतं.

टिटवी पाण्यावरून भिरभिरत सुटली. घसा फाटेपर्यंत ओरडली. "अरे, ऐकताय ना? कुणीतरी ओ द्या रे! एकानं तरी द्या!"

आणि दिली बरं का, बाळांनो, एकानं दिली. स्वच्छ, गोल, पोटातून काढलेली, अगदी सर शिकवायचे तश्शी. लव्हाळ्यातून. पाडसाच्या बरोब्बर मागून.

"ओ!"

तात्पर्य : सरकारी कॉलेजाचा कुणाला काही फायदा नाही, असं कधी म्हणू नये. ते बंद झाल्यावर ज्याचं वजन वाढतं, त्याला विचारावं.