शब्बीर मास्तरांची ट्रायल

शब्बीर मास्तर माइकला कपडे नेसवून पाहतात, असं मी सांगितलं की लोकांना ती थाप वाटते. पण मी स्वतः तिथे उभा होतो. अमरावतीच्या एका माइक-स्पीकरच्या दुकानात काउंटरवर तीन बिनतारी माइक ओळीनं मांडले होते आणि मास्तर त्यातल्या एकाला सुती लुगड्याचा तुकडा गुंडाळत होते. लुगडं झालं की टेरिकॉट, टेरिकॉट झालं की खादी, मग सॅटिन, मग घोंगडीचा टोचरा काळा तुकडा. असे चौदा तुकडे त्यांनी परतवाड्याहून पिशवीत भरून आणले होते. तुकडा गुंडाळून झाला की माइक दुकानदाराच्या हाती द्यायचे, स्पीकरला कान लावून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बोला."

"काय बोलू?" दुकानदारानं विचारलं.

"काईबी बोला. मी तुमाले आयकून नाई राहिलो. कपड्याले आयकून राहिलो."

दुकानदार बिचारा सुरुवातीला नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणत होता. सातव्या तुकड्याला तो घरच्या गोष्टी सांगायला लागला. अकराव्या तुकड्यापर्यंत त्याच्या मेव्हण्याचा स्वभाव आम्हाला पुरता कळला होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. परतवाड्याला जीपच्या थांब्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. मी तिथल्याच एका शाळेत कारकून, आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटक मंडळाचा चिटणीस. शिवाय विंगेत उभा राहून नटांना संवाद सांगणारा मीच. मंडळाचे सगळे पोशाख मास्तरांचे. राजाच्या अंगरख्यापासून पोस्टमनच्या खाकी शर्टापर्यंत.

त्यांचा एकच मंत्र आहे, "आदी ट्रायल." कपड्याची ट्रायल तर सगळेच शिंपी घेतात. मास्तर खरबुजाची ट्रायल घेतात, नव्या जीपच्या सीटची घेतात. एकदा मी त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं, तर आदल्या दिवशी येऊन पाटावर बसून गेले. म्हणाले, "गुडघ्याले झेपते का पायतो. आदी ट्रायल."

आता माइकची भानगड. आमच्याकडे वर्षानुवर्षं टांगते माइक होते. स्टेजवर आडवा बांबू, त्याला तीन माइक लोंबत. त्यामुळे आमचे नट जिथे कुठे असोत, वाक्य आलं की माइकखाली धावायचे. नवराबायकोचं भांडण मधल्या माइकखाली, प्रेम डावीकडच्या. आमचे मुख्य नट भाऊराव, निवृत्त तलाठी. प्रत्येक नाटक तेच लिहितात आणि प्रत्येक नाटकात तेच मरतात. उजव्या कोपऱ्यात गोळी लागली तरी ते सरपटत मधल्या माइकखाली यायचे आणि तिथे वीस मिनिटं मरायचे.

त्या वर्षी मात्र अडचण वेगळीच होती. कापसाचं सलग तिसरं खराब साल. गावात कोणाकडे वर्गणी मागायला तोंड उघडवत नव्हतं. मास्तरांकडेही नवे कपडे येईनात, जुन्या पॅन्टींचे पाय कापून पोरांच्या पॅन्टी करून द्या, असली कामं. दरवर्षी नागपूरहून नटी यायची, ती परवडेना. तेव्हा चांदूर बाजारच्या रस्त्याला ज्यांचा मळा आहे त्या घरातली मंगलाताई आली. बाजारात तिचा नवरा भाजीच्या हाका मारायचा आणि ही गुपचूप तराजू धरायची. नाटकात काम करायचं तिच्या मनात कुठून आलं, कोण जाणे. पण शाळेच्या खोलीत तिनं पहिलंच वाक्य म्हटलं आणि मी हातातली संवादांची वही मिटली. मला संवाद सांगायचं सुचेना. इतकी ती खरी वाटत होती.

फक्त आवाज नव्हता. म्हणजे होता, पण तिसऱ्या रांगेत संपायचा.

"मोठ्यानं बोल ना वं," भाऊराव म्हणायचे.

"माहा आवाजच एवढा हाये, दादा," ती म्हणायची, आणि ते वाक्यही भाऊरावांना ऐकू जायचं नाही.

शेवटी भाऊरावांनी निकाल दिला. तालीम मैदानात होईल तोवर बाईचा आवाज शेवटच्या रांगेला पोहोचला तर ठीक, नाहीतर त्यांचा धाकटा भाऊ रमेश लुगडं नेसेल. पूर्वी नेसायचाच. रमेश आता पंचावन्नचा. मिशी काढायला तयार झाला होता, हे त्याचं मोठेपण. घरी जाताना मंगलाताईनं आपली संवादांची वही मात्र परत केली नाही, पिशवीत भाजीखाली ठेवून घेऊन गेली.

गळ्याशी लावायचा बिनतारी माइक आणावा, असं मीच सुचवलं. आणि तो कपड्यात लपवावा लागतो म्हणून निवडायचं काम मास्तरांकडे आलं. सगळ्यांनाच माइक हवा होता. भाऊरावांना तर सर्वांत आधी.

"भाऊराव," मास्तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "तुमाले माइक कायले? तुमाले तं झाकन पायजे."

भाऊराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. गल्लीत शांतता होती.

तर अमरावतीच्या त्या दुकानात चौदा तुकडे संपले, मग मास्तरांचे प्रश्न सुरू झाले. घाम आला तर काय होतं? बाईनं पाठ फिरवली तर आवाज तुटतो का? चौकोनी सेल किती तास चालतो, आणि संपताना आधी खरखर करून सांगतो की एकदम दगा देतो? पदराची जरीची किनार घासली तर? दुकानदाराला त्यांनी माइक लावून रस्त्यापलीकडे पाठवलं, पाठमोरं उभं केलं, खाली वाकायला लावलं. शेवटी त्यानंच हात जोडले. सगळ्यांत स्वस्त सेट पुढे सरकवून म्हणाला, "घेऊन जा, चार दिवस वापरून पाहा. नाही पटलं तर परत आणा, पण तुकडे आणू नका."

मास्तरांनी जुन्या रेनकोटचं अस्तर कापून माइकच्या कमरेला लावायच्या डबीसाठी खिसा शिवला, म्हणजे घाम आत जायला नको. त्याची ट्रायल माझ्यावर. चैत्राच्या भर दुपारी, अंगावर शाल पांघरून, मी शाळेच्या मैदानाला सहा फेऱ्या मारल्या. खिसा कोरडा निघाला. मी नाही.

मैदानातली तालीम रविवारी दुपारी ठेवली. मंगलाताई उभी राहिली, तिनं नेहमीच्या आवाजात वाक्य म्हटलं, आणि ते कंपाउंडपर्यंत स्वच्छ गेलं. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. तिनं दचकून मागे पाहिलं, आपल्यामागे कोणी दुसरी बोलतेय की काय. मास्तर शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

मग तिचा प्रवेश संपला. सेल वाचावा म्हणून मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तिनं विंगेत येऊन बटण बंद केलं. स्टेजवर भाऊराव मरायला लागले होते. पंधरावं मिनिट असेल. "सूनबाई, मला क्षमा कर," असं म्हणून त्यांनी हात वर केला, आणि आमच्या स्पीकरमधून आवाज आला, "मुलीचे मामा जिथे असतील तिथून मंडपात या. वऱ्हाडी मंडळींनी कढी संपायच्या आत जेवून घ्या."

शाळेला लागून मंगल कार्यालय. तिथेही तोच स्वस्त सेट, त्याच एका चॅनलवर बोलणारा. हे आम्हाला कुठून ठाऊक? आमचं बटण बंद झालं की त्यांचा आवाज आमच्या आवाज पकडणाऱ्या पेटीत. आणि उलटंही होतं, हे जरा वेळानं कळलं. मंगलाताईनं पुढच्या प्रवेशाला बटण चालू केलं, नेमका तेव्हा तिकडे माइक बंद होता. "या घरात माझा जीव गुदमरतो, मी चालले," हे वाक्य तिनं असं म्हटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपलीकडे नवरी नुकतीच बोहल्यावर चढत होती. पाच मिनिटांत मुलीचे मामा मंडपाऐवजी आमच्या मैदानात आले. सोबत आणखी सहा जण होते.

मिटवामिटवी झाली. भाऊराव अंगावरची माती झटकत उठले आणि म्हणाले, "बस झालं. रमेश, मिशी काढ."

"एक ट्रायल फसली म्हनून कोनी कपडा फेकते का?" मास्तर म्हणाले. "मले तीन दिवस द्या."

मला खरं म्हणजे आता त्यांचा राग यायला लागला होता. माणूस हट्टी असावा, पण किती? दुकान बंद ठेवून, दुसऱ्यांदा, तेही अकोल्याला! तरी मी बसमध्ये त्यांच्या शेजारी होतोच. विचारलं, "मास्तर, तुम्हाला एवढं काय पडलंय? बाई नाही तर रमेश. नाटक तर होईल."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "थे बाई खराब बोलत असती तं सोडून देलं असतं, चिटनीससायेब. थे चांगली बोलते. फक्त बारीक बोलते. आता बारीक बोलनाऱ्यानं काय करावं? सारी जिंदगी दुसऱ्याचंच आयकावं?"

त्यांचा चेहरा पाहून मी पिशवीतली तुकड्यांची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

अकोल्यात चॅनल बदलता येणारा सेट मिळाला. अमरावतीचा परत केला आणि सगळ्यांसाठी चार स्वस्त घेण्याऐवजी मंडळाच्या शिलकीतून हा एकच घेतला. "चार रद्दी घेन्यापेक्षा एक धड," मास्तर म्हणाले. बाकीच्यांसाठी टांगते माइक होतेच. या वेळी मास्तरांनी ट्रायल चॅनलचीही घेतली. प्रत्येक गावाला प्रयोगाआधी ते एकेक चॅनल लावून आजूबाजूला कोण बोलतंय ते ऐकायचे.

चांदूर बाजारच्या पहिल्या प्रयोगाला माणसं पुढे आणि बायका मागे, नेहमीसारख्या. मंगलाताईच्या सासूबाई अगदी शेवटच्या सतरंजीवर. शेवटचं वाक्य झालं तेव्हा मागच्या सतरंज्यांवरून आधी टाळ्या आल्या, पुढून नंतर. आमच्या मंडळाच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. भाऊराव पडद्यामागे म्हणाले, "पोरीनं खाल्लं नाटक." आणि रमेशनं सुटकेचा श्वास सोडला. त्याची मिशी वाचली होती.

पुढे रिद्धपूरकडचे दोन प्रयोग झाले. माइक ठेवायला मास्तरांकडे, कारण खिसा तेच धुणार, तेच वाळवणार. महिन्याभरानं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चौकोनी सेल फार लवकर संपत होते. प्रयोग तीन आणि सेल बारा! माझं डोकं सणकलं. मंगल कार्यालय आठवलं. लग्नसराई होती, धंदा मंदा होता, मास्तर माइक भाड्यानं तर देत नाहीत? देत असतील तर निदान सांगावं. मी एका दुपारी शाळेतून परस्पर त्यांच्या दुकानी गेलो, न सांगता, मुद्दामच.

मशीन चालू होतं. मास्तर पाठमोरे, पाय पायट्यावर. टेबलावर आमची पेटी, तिला छोटा स्पीकर जोडलेला. मशीनच्या खडखडाटावरून त्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज येत होता. बारीक, सावकाश.

"...शेजारवाली की बकरी फिर कपडे खा गई. बैंगन थोडा लग गया है, उप्पर उप्पर से निकालूंगी. सुनते क्या? सुनते होंगे अब तो."

मागच्या स्वयंपाकघरात मास्तरांची बायको, आमच्या भाभी, होत्या. माझी त्यांची ओळख वीस वर्षांची, पण त्यांचा आवाज असा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. चहा बाहेर यायचा, सोबत शब्द यायचे नाहीत, किंवा येत असतील.

मास्तरांनी वळून मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "सेल मी आनून देईन, चिटनीससायेब," ते घाईघाईनं म्हणाले. "तीस साल झाले. हे मशीन चालते, थे आतून बोलते. मी हौ हौ म्हनत राहिलो. काय बोलते, खुदाची कसम, मले काईच आयकू नाई ये. तिनंबी मंग बोलनं कमी केलं. आता म्हटलं..."

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "घुटना आज फिर दुखरा. दिवाली से दुखरा."

मास्तरांचा पाय थांबला.

"दिवाळीपासून दुखून राहिला म्हने," ते मला म्हणाले.

"या दिवाळीपासून?" मी मूर्खासारखं विचारलं.

त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी खाली पाहिलं. मी कशासाठी आलो होतो ते त्यांना सांगायचं धाडस आजही माझ्यात नाही.

मास्तर उठले. हातातलं कापड तसंच सुईखाली सोडून आत गेले. पेटी चालूच राहिली. पावलं वाजली, भांडं बाजूला सरकवल्याचा आवाज झाला, मग भाभींच्या पदराला लावलेल्या त्या माइकमधून मास्तरांचा आवाज दुकानात आला, एकदम जवळून.

"कौनसा?"

"दोनों," भाभी म्हणाल्या.

मी हात लांब करून पेटीचं बटण बंद केलं आणि दुकानाचं दार पुढे ओढून घेतलं.