ओत्तोरिनोचे तीन तास

ओत्तोरिनोची कंबर नेमकी लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी धरली. उद्या फियामेत्ताचा हात धरून तिला चर्चच्या वेदीपर्यंत न्यायचं, आणि हा गडी काटकोनात! बायको एर्सिलियाने त्याला गाडीत कोंबून विटेर्बो शहराबाहेरच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आणलं. कपडे उतरवून, पांढरा झगा चढवून तो पाण्यात पाय टाकणार, एवढ्यात ती ओरडली.

"थांब! मिशीला काय लागलंय? पेट्रोल भरताना हादडलंस ना?"

"पावात घातलेलं डुकराचं मांस. दोनच घास गं."

"मग तीन तास पाण्याला शिवायचं नाही!"

भरल्या पोटी पाण्यात उतरलेला माणूस जागच्या जागी खलास होतो, हे एर्सिलियाला तिच्या आईने शिकवलं होतं आणि ओत्तोरिनोला त्याच्या. त्यामुळे वादाला जागाच नव्हती. तो कण्हत शेजारच्या रोमन अवशेषांत गेला आणि लोकांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून पहिल्या सपाट दगडावर टेकला. तो दगड म्हणजे रोमन लोकांचा सार्वजनिक संडास होता. ओळीने भोकं होती, त्यातल्या एकावर तो बसला आणि कंबर तिथेच अडकली.

पहारेकरी धावत आला. "आजोबा, उठा!"

"उठता येत नाही. तूच उचल."

"छे! दोरीच्या आतलं काहीही हलवायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते."

"अरे, मी काय पुरातन आहे?"

पहारेकऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ते खातं ठरवेल."

मग पर्यटक आले. त्यांनी झग्यातल्या या रोमनाचे फोटो काढले. एका कनवाळू बाईने त्याच्या हातात पिझ्झाचा तुकडा ठेवला. आलेल्या खाण्याला नाही म्हणणं ओत्तोरिनोच्या रक्तात नव्हतं. शेवटचा घास तोंडात असतानाच एर्सिलिया घड्याळ बघत आली.

"पिझ्झा? आता पुन्हा पहिल्यापासून तीन तास!"

"अगं, उद्या लग्न आहे!"

"म्हणूनच बाल्दोला फोन केलाय. मामा नेईल पोरीला."

बाल्दो हा एर्सिलियाचा भाऊ. ओत्तोरिनोच्या घरच्या वाइनला त्याने भर पंगतीत व्हिनेगर म्हटलं होतं, त्याला नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"माझ्या पोरीला मी नेणार!" ओत्तोरिनो गरजला आणि गरजता गरजता ताडकन उभा राहिला. अगदी सरळ! त्याला स्वतःलाच खरं वाटेना. डोळ्यांत पाणी आलं. एर्सिलियाचाही ऊर भरून आला. त्याची भोकाशी पडलेली सपात उचलायला ती वाकली.

ती वाकलेलीच राहिली.

"आई गं! ओत्तोरिनो, मला चटकन पाण्यात सोड!"

त्याने तिला धरून हळूहळू कुंडापर्यंत आणलं. तिथे मात्र तो थांबला.

"माझी वाट बघताना काय केलंस?"

"कॉफी प्याले."

"नुसती?"

एर्सिलियाने मान फिरवता येईल तेवढी फिरवली. "एक बिस्कीट."

ओत्तोरिनोने तिच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मोठ्या प्रेमाने तिला त्या भोकांच्या दगडाकडे वळवलं.