शिवेपलीकडच्या भोरड्या

“आवं, आज पाखरं हाणायची न्हाईत, मोजायची हायत. ती गोफण तरी ठेवा घरी!” साळूबाई दारातून ओरडली.

“मिलिट्रीतला माणूस हाय मी. हत्याराबिगर ड्यूटीवर जाऊ व्हय?” रिटायर सुभेदार नाथाजींनी गोफण कमरेला गुंडाळली आणि ते पक्षीगणनेला निघाले.

तासगावाकडचं द्राक्षाचं गाव ते. पाखरू दिसलं की हुसकायचं, एवढंच तिथं ठाऊक. पण ओढ्यापलीकडच्या गावात साळूबाईचा भाऊ वीरधवलही आज मोजायला बसणार होता. पैज लागली होती. ज्याची पाखरं कमी भरतील, त्यानं दुसऱ्याच्या चावडीसमोर जाऊन त्याला फेटा बांधायचा. मेव्हण्याला फेटा! त्यापेक्षा नाथाजींनी मिशी उतरवली असती.

गणनेसाठी सांगलीहून आलेल्या क्रांती मॅडमनी नियम सांगितला, “काका, हलायचं नाही, ओरडायचं नाही. मोजून झाली तेवढीच धरायची.”

ऊन वर आलं आणि भोरड्यांचा थवा आला. केवढा? बांधावरची बाभूळ ओझ्यानं वाकून ओढ्याचं पाणी प्यायला लागली, म्हणजे बघा! परेडची हजेरी घ्यावी तसे नाथाजी फांदी-फांदीनं मोजू लागले. छाती फुगत चालली. तोच एक भोरडी उठली आणि थेट त्यांच्याच बागेतल्या घडावर जाऊन बसली.

तोंड मोजतच होतं, हात मात्र लहानपणच्या सवयीनं कमरेला गेला.

“हाऽऽ हो!” गोफण कडाडली. अख्खा थवा ओढा ओलांडून वीरधवलच्या बागेत उतरला.

“काका! दोन फांद्यासुद्धा झाल्या नव्हत्या हो!” मॅडमनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी नाथाजी फेटा घेऊन मेव्हण्याच्या चावडीसमोर हजर. मान ताठ; शब्द म्हणजे शब्द. गाव जमलेलं, हलगी वाजत होती. तोंड उतरलं होतं ते जिंकलेल्या वीरधवलचं.

“काय रं गड्या, जिंकलास न्हवं?”

“जिंकलो की, दाजी. हलायचं न्हाई म्हंजे न्हाई हाललो. समदी मोजली. तवर त्यांनी द्राक्षाची कडंची वळ खाऊन साफ केली!”

नाथाजींनी झोकात फेटा बांधला, तुरा सोडला आणि गावाला ऐकू जाईल असं गरजले, “पाखरं आमच्या गावची, एका हाकंत शीव ओलांडून आली. पर घड जाताना बघूनबी जो हालला न्हाई, असा जवान मला अख्ख्या फौजंत गावला न्हाई. मेव्हणा हाय माझा त्यो!”

आता वीरधवलचीही छाती फुगली. तुरा सावरत तो हळूच दाजींच्या कानाला लागला, “दाजी, सकाळी येता का जरा? थवा बागंशेजारीच मुक्कामाला हाय.”

“मोजायला?”

“न्हाई वो. गोफण घेऊन या.”